एक हजार चोवीस कप्पे : अंगुलिमुद्रा आणि एका फौजदाराची सरकारी नोकरी

१.
पोलीस उपनिरीक्षक व्हावे म्हणून महाराष्ट्रातील असंख्य तरुण-तरुणी आज स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासात वर्षे घालवतात. खेड्यापाड्यांत या पदाला अजूनही ‘फौजदार’ म्हणतात. १८९० च्या दशकात कलकत्त्यातील गणिताचा एक विद्यार्थी असाच फौजदार झाला. त्याच्या हाती दंडुका आला नाही, आकडेमोडीचे काम आले. त्या आकडेमोडीवर पुढे स्कॉटलंड यार्डचा कारभार उभा राहिला. मात्र तिला नाव मिळाले दुसऱ्याचे. ही काझी अझीझुल हक यांची कथा आहे.

२.
प्रथम त्या काळचे पोलीस खाते पाहू. १७९३ मध्ये कॉर्नवॉलिसने बंगालमध्ये दारोगा नेमले. तुटपुंजा पगार आणि अमर्याद अधिकार यांमुळे दारोगा म्हणजे लाचखोरी, हे समीकरण लोकांच्या मनात घट्ट बसले. १८६१ च्या पोलीस कायद्याने खात्याची नवी मांडणी झाली. १८६८ मध्ये कलकत्ता पोलिसांत स्वतंत्र गुप्तचर शाखा निघाली. तरीही सुशिक्षित घरातील मुलाने पोलिसात जाणे फारसे प्रतिष्ठेचे मानले जात नसे.

३.
तपासाची मुख्य अडचण वरवर साधी होती : समोर उभा असलेला माणूस नेमका कोण? चोरीसाठी शिक्षा भोगलेला इसम दुसऱ्या जिल्ह्यात नवे नाव सांगून पुन्हा पकडला गेला, तर त्याला ओळखणार कोण? भारतीय दंड संहितेच्या ७५ व्या कलमानुसार ठरावीक गुन्ह्यांत पूर्वी शिक्षा झालेल्याला अधिक कडक शिक्षा देता येत असे. परंतु आधीची शिक्षा याच माणसाला झाली होती, हे सिद्ध करण्याचे खात्रीशीर साधन नव्हते.

४.
ओळख पटवण्याचा प्रश्न केवळ गुन्हेगारांपुरता नव्हता. मराठेशाहीच्या महजरांत अक्षरशत्रू पाटील नांगराची निशाणी करी, बलुतेदार आपापल्या हत्याराची. ती निशाणी माणसाचा हुद्दा आणि व्यवसाय सांगे. गाव एकमेकांना ओळखत असे, म्हणून तेवढे पुरे होते. कंपनी सरकारच्या कचेरीत मात्र कुणीच कुणाला ओळखत नव्हते. तेथे चिन्ह त्या एकाच माणसाचे असणे आवश्यक झाले. ‘निशाणी डावा अंगठा’ हे शब्द पुढे आपल्या दस्तांवर आले, त्यांची पार्श्वभूमी ही आहे.

५.
१८५८ च्या जुलै महिन्यात बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या तरुण सनदी अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराशी रस्त्याच्या खडीचा करार केला. पुढे कोनाईने करार नाकारू नये म्हणून हर्शेलने कागदावर त्याच्या संपूर्ण तळहाताचा ठसा घेतला. पुढील वीस वर्षे तो ठसे जमवत राहिला. त्याच त्या माणसांचे ठसे वर्षानुवर्षांनी पुन्हा घेतल्यावर त्याच्या लक्षात आले, की वय वाढले तरी रेषांची रचना बदलत नाही.

६.
१८७७ मध्ये हुगळीचा दंडाधिकारी असताना हर्शेलने निवृत्तिवेतन घेणारे, दस्त नोंदवणारे आणि तुरुंगातील कैदी यांचे ठसे घेण्यास आरंभ केला. मृत पेन्शनराच्या नावाने दुसऱ्यानेच पैसे उचलणे, शिक्षा झालेल्याच्या जागी भाडोत्री माणसाने तुरुंगात जाणे, असे प्रकार तेव्हा घडत असत. ही पद्धत सर्वत्र लागू करावी, असे त्याने वरिष्ठांना लिहिले. प्रतिसाद मिळाला नाही.

७.
१८८० मध्ये टोकियोतील स्कॉटिश डॉक्टर हेन्री फॉल्ड्स याने ‘नेचर’ नियतकालिकात पत्र लिहून गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या ठशांवरून गुन्हेगार शोधता येईल, असे सुचवले. १८९२ मध्ये फ्रान्सिस गाल्टन याचा ‘फिंगर प्रिंट्स’ हा ग्रंथ आला. रेषा कायम राहतात आणि दोन व्यक्तींचे ठसे जुळण्याची शक्यता जवळजवळ शून्य असते, हे त्याने गणिताने मांडले. त्याच वर्षी अर्जेंटिनात हुआन व्हुसेटिच याच्या ठसे-पद्धतीच्या आधारे एका खुनाचा उलगडा झाला.

८.
म्हणजे ठसा अद्वितीय असतो, हे ठाऊक झाले होते. खरी अडचण पुढे होती. समजा, दप्तरात पन्नास हजार कैद्यांच्या ठशांचे कागद आहेत आणि आज एक अनोळखी संशयित आला. त्याचा ठसा या पन्नास हजारांत आहे का, हे कसे पाहायचे? एकेक कागद भिंगाखाली धरला तर महिने जातील. कागद नावानुसार लावले तर उपयोग नाही. नाव खोटे असणे, हाच तर मूळ प्रश्न आहे.

९.
म्हणून जगभरचे पोलीस तोवर दुसऱ्याच मार्गाने जात होते. पॅरिसच्या आल्फाँस बर्तियाँ याने डोक्याची लांबी-रुंदी, मधले बोट, डावे पाऊल, कोपरापासूनचा हात अशा अवयवांची मापे घेऊन माणसे ओळखण्याची पद्धत रूढ केली होती. मापांचे लहान, मध्यम, मोठे असे गट पाडता येत, त्यामुळे कागद कप्प्यांत लावता येत. बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांनीही १८९० च्या दशकाच्या प्रारंभी हीच पद्धत स्वीकारली.

१०.
तिच्यात दोष बरेच होते. उपकरणे महाग होती. मापे घेणारा कसलेला हवा. एकाच माणसाचे माप दोन कर्मचाऱ्यांनी घेतले तर फरक पडे. वाढत्या वयाच्या मुलांची मापे बदलत. बंगालभर विखुरलेल्या तुरुंगांत एवढी काटेकोर शिस्त राखणे कठीण होते. १८९४ मध्ये हेन्री इंग्लंडमध्ये गाल्टनला भेटले. जानेवारी १८९६ मध्ये त्यांनी आदेश काढला, की मापांसोबत कैद्याच्या दहाही बोटांचे ठसे घ्यावेत. कागदांचा ढीग वाढू लागला. तो लावायचा कसा, हे अजून कुणालाच ठाऊक नव्हते.

११.
येथे अझीझुल हक यांचा प्रवेश होतो. जन्म १८७२, खुलना जिल्ह्यातील पैग्राम कसबा. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते गणित आणि विज्ञान शिकत होते. हेन्री यांनी कॉलेजच्या प्राचार्यांकडे आकडेशास्त्रात गती असलेला विद्यार्थी मागितला आणि प्राचार्यांनी हक यांचे नाव सुचवले. हक फौजदार म्हणून पोलीस सेवेत दाखल झाले. आरंभी त्यांच्याकडे मापांच्या पद्धतीचे काम होते. मग ठशांचा ढीग त्यांच्या टेबलावर आला. पोलीस खात्याने तपासासाठी गणिती शोधावा, ही त्या काळी विलक्षण गोष्ट होती.

१२.
ठशांचे ढोबळ प्रकार गाल्टनने सांगितले होते. कमान : रेषा एका बाजूने येतात, मध्ये उंचावतात आणि दुसऱ्या बाजूने निघून जातात. फास : रेषा आत येऊन वळतात आणि आल्या बाजूलाच परततात. चक्र : रेषा गोलाकार फिरतात; हात पाहणारे ज्याला बोटावरचे चक्र म्हणतात, तेच हे. मात्र या प्रकारांवरून मोठे दप्तर लावण्याची सोपी युक्ती गाल्टनलाही साधली नव्हती.

१३.
कलकत्त्यातील युक्ती अशी. दहा बोटांच्या पाच जोड्या करायच्या आणि प्रत्येक बोटाला एकच प्रश्न विचारायचा : चक्र आहे की नाही? पहिल्या जोडीत चक्र असेल तर १६ गुण, दुसरीत ८, तिसरीत ४, चौथीत २, पाचवीत १. चक्र नसेल तर शून्य. प्रत्येक जोडीतील एका बोटाचे गुण अंशात आणि दुसऱ्याचे छेदात मिळवायचे. शेवटी दोन्हींत १ मिळवायचा, म्हणजे शून्य उरत नाही.

१४.
उदाहरण घेऊ. कुठल्याच बोटावर चक्र नाही : १/१. फक्त उजव्या तर्जनीवर चक्र आहे : १७/१. उजवा अंगठा आणि उजवी तर्जनी दोन्हींवर चक्र : १७/१७. दहाही बोटांवर चक्र : ३२/३२. अंशासाठी ३२ शक्यता, छेदासाठी ३२; एकूण ३२ × ३२ = १,०२४. भिंतीशी १,०२४ कप्प्यांचे कपाट उभे करा, आणि प्रत्येक कागदाला आपले घर मिळते. आता संशयिताचे नाव विचारण्याची गरजच नाही.

१५.
गणिताच्या विद्यार्थ्यांनी ओळखले असेल, की हे २ चा दहावा घात आहे. दहा बोटे आणि प्रत्येकाची ‘होय’ किंवा ‘नाही’ अशी दोन उत्तरे. आजचा संगणक ज्या द्विमान पद्धतीवर चालतो, तीच लाकडी कपाटात उतरली होती. अर्थात सर्व कप्पे सारखे भरत नाहीत. चक्रापेक्षा फास अधिक आढळतात, म्हणून १/१ चा कप्पा खचाखच भरतो. त्यासाठी फासातील रेषा मोजून आणखी उपविभाग पाडावे लागले.

१६.
या कामात हक यांच्याबरोबर आणखी एक फौजदार होते : हेमचंद्र बोस. उपवर्गीकरणात त्यांनी भर घातलीच. शिवाय ठशाचे वर्णन तारेने पाठवण्यासाठी सांकेतिक लिपी तयार केली. ठशाचा कागद टपालाने पोहोचेपर्यंत संशयित निसटून जाई. तारेने काही शब्दांत त्याचा तपशील कळवता येऊ लागला. त्या विषयावरील त्यांचे पुस्तक १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले.

१७.
१८९७ मध्ये सरकारने दोन सदस्यांची समिती नेमली : भारताचे सर्वेक्षण प्रमुख चार्ल्स स्ट्रॅहन आणि रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर पेडलर. त्यांनी मापांची आणि ठशांची पद्धत शेजारी ठेवून तपासली. सोपेपणा, खर्च, वेग आणि अचूकता या चारही कसोट्यांवर ठसे वरचढ ठरले. १२ जून १८९७ रोजी सरकारने ठशांची पद्धत मान्य केली आणि कलकत्त्याच्या रायटर्स बिल्डिंगमध्ये अंगुलिमुद्रा केंद्र सुरू झाले. ते जगातील पहिले मानले जाते. अर्जेंटिनातील व्हुसेटिचचे काम त्याआधीचे असले, तरी वर्गीकरणाची त्याची पद्धत वेगळी होती.

१८.
लवकरच परीक्षेची वेळ आली. भूतानच्या सीमेलगत, जलपाईगुडी जिल्ह्यातील चहाच्या मळ्याचा व्यवस्थापक गळा चिरलेल्या अवस्थेत बिछान्यावर आढळला. तिजोरी फोडलेली, काही शे रुपये गायब. संशयित अनेक : कडक वागणुकीमुळे रागावलेले मजूर; कपड्यांवर रक्ताचे डाग असलेला स्वयंपाकी; मृताचे जिच्याशी संबंध होते, त्या स्त्रीचे नातलग; जवळच तळ दिलेली काबुल्यांची टोळी. आणि एक जुना नोकर, ज्याला मालकाने चोरीसाठी तुरुंगात पाठवले होते.

१९.
मालकाच्या जेवणासाठी कबुतर कापले, त्याचे हे डाग, असे स्वयंपाक्याने सांगितले; रासायनिक परीक्षकाच्या अहवालाने त्याला दुजोरा मिळाला. इतरांविरुद्धही पुरावा सापडला नाही. मग कागदपत्रांच्या पेटीत फिकट निळ्या वेष्टनाचे बंगाली पंचांग मिळाले. वेष्टनावर दोन पुसट तपकिरी डाग होते. भिंगाखाली त्यांतील एक डाग उजव्या हाताच्या बोटाचा निघाला. मध्यवर्ती दप्तरातील ठशांशी तो ताडून पाहिला, तेव्हा तो जुन्या नोकराच्या, कांगाली चरणच्या, उजव्या अंगठ्याशी तंतोतंत जुळला.

२०.
गुन्हा घडला त्या सुमारास कांगाली चरण त्या जिल्ह्यात कुणालाच दिसला नव्हता. तो शेकडो मैल दूर बीरभूममध्ये पकडला गेला. त्याचा ठसा पुन्हा घेतला; तोही जुळला. पंचांगावरील डाग सस्तन प्राण्याच्या रक्ताचे आहेत, असे परीक्षकाने प्रमाणित केले. १८९८ मध्ये न्यायाधीश आणि असेसर यांच्यापुढे खटला चालला. आजच्या वाचकाला वाटेल, की आता फाशी निश्चित.

२१.
तसे झाले नाही. असेसरांनी मत दिले : चोरी निर्विवाद सिद्ध झाली आहे, परंतु खून होताना कुणी पाहिले नाही, म्हणून केवळ ठशावरून खुनासाठी दोषी धरणे सुरक्षित नाही. कांगाली चरणला चोरीची शिक्षा झाली, खुनाच्या आरोपातून तो सुटला आणि अपिलातही हा निकाल टिकला. ठसा सांगतो, की या बोटाने या वस्तूला स्पर्श केला. सुरी कुणाच्या हातात होती, हे ठसा सांगत नाही. हा भेद तपास अधिकाऱ्याने आजही विसरून चालत नाही.

२२.
१८९९ मध्ये भारतीय पुरावा कायद्यात दुरुस्ती होऊन ठशांविषयी तज्ज्ञाचे मत ग्राह्य ठरले. १९०० मध्ये लंडनमध्ये पुस्तक प्रसिद्ध झाले : ‘क्लासिफिकेशन अँड यूजेस ऑफ फिंगर प्रिंट्स’. लेखक म्हणून एकच नाव, ई. आर. हेन्री. १ जुलै १९०१ रोजी स्कॉटलंड यार्डमध्ये अंगुलिमुद्रा शाखा उघडली. १९०३ मध्ये हेन्री लंडन पोलिसांचे आयुक्त झाले. १९०५ मध्ये स्ट्रॅटन बंधूंना खुनाची शिक्षा झाली, तेव्हा पैशांच्या पेटीवरील अंगठ्याचा ठसा पुराव्यात होता. पद्धतीचे नाव जगभर रूढ झाले : हेन्री पद्धत.

२३.
इंग्लंडमध्ये एक कथाही प्रचलित झाली : रेल्वेच्या प्रवासात हेन्री यांना ही युक्ती अचानक सुचली आणि कागद नसल्याने त्यांनी ती सदऱ्याच्या कडक मनगटपट्टीवर लिहून ठेवली. कथा आकर्षक आहे. मात्र १९२६ मध्ये, निवृत्तीनंतर, हेन्री यांनीच लेखी कबूल केले, की वर्गीकरणाची पद्धत पूर्णत्वास नेण्यात आपल्या कर्मचाऱ्यांपैकी हक यांचा वाटा सर्वांत मोठा होता. पद्धत पूर्ण झाल्याला तेव्हा जवळजवळ तीस वर्षे लोटली होती.

२४.
हक यांच्या बढतीच्या वाटेत खात्याची रचनाच आडवी होती. १८९३ पासून वरिष्ठ पोलीस अधिकारी लंडनमधील स्पर्धा परीक्षेतून निवडले जात आणि ती भारतीयांना बंद होती. १९०२-०३ च्या फ्रेझर आयोगाने प्रांतोप्रांती गुन्हे अन्वेषण विभाग स्थापण्याची आणि भारतीयांसाठी उपअधीक्षकाचे पद निर्माण करण्याची शिफारस केली. पुण्यात मुख्यालय असलेला महाराष्ट्राचा सीआयडी विभाग याच परंपरेतला. वरिष्ठ सेवेचे दार भारतीयांना प्रत्यक्षात उघडले ते १९२० नंतर.

२५.
बिहार वेगळा झाल्यावर हक बिहार पोलीस सेवेत गेले. सरकारने त्यांना १९१३ मध्ये खानसाहेब आणि १९२४ मध्ये खानबहादूर हा किताब दिला. मानधन म्हणून पाच हजार रुपये मिळाले. तेही त्यांनी आपल्या कामाची दखल घ्यावी, असा अर्ज केल्यानंतर. हेमचंद्र बोस रायबहादूर झाले. निवृत्तीनंतर हक चंपारणमधील मोतिहारी येथे स्थायिक झाले. १९३५ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.

२६.
या कपाटाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण समाजांवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. १९११ च्या नव्या कायद्याने नोंद झालेल्या व्यक्तींचे ठसे घेण्याचा अधिकार दिला आणि मुंबई इलाखाही त्याच्या कक्षेत आला. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातील सेटलमेंट याच व्यवस्थेचा भाग होती. ज्यांनी गुन्हा केला नव्हता, त्यांचीही बोटे शाईत बुडवली गेली. हा कायदा रद्द झाला १९५२ मध्ये. ३१ ऑगस्ट हा दिवस म्हणूनच विमुक्त दिन म्हणून पाळला जातो.

२७.
दक्षिण आफ्रिकेत ट्रान्सवाल सरकारने भारतीयांच्या ठशांची सक्ती केली, तेव्हा गांधीजींनी हेन्री यांचेच पुस्तक वाचले. कायद्याने ठसे केवळ गुन्हेगारांचे घेतले जातात, असा बोध त्यातून घेऊन त्यांनी सक्तीला विरोध केला. १९०८ मध्ये मात्र तडजोडीनंतर स्वेच्छेने ठसे देण्यास ते तयार झाले आणि त्या रागातून मीर आलम याने त्यांना मारहाण केली. गांधीजींच्या लेखी सक्ती आणि स्वेच्छा यांत अंतर होते. मीर आलमला दोन्हींत तोच अपमान दिसला.

२८.
आज राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची ‘नाफिस’ ही संगणकीय प्रणाली देशभरातील ठसे ताडून पाहते आणि लाकडी कप्पे कालबाह्य झाले आहेत. ब्रिटनमधील फिंगरप्रिंट सोसायटीने हक आणि बोस यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला. पाठ्यपुस्तकांत मात्र बहुधा ‘हेन्री पद्धत’ एवढेच शब्द आढळतात. फौजदारकीची तयारी करणाऱ्यांनी न्यायवैद्यकाच्या प्रकरणात हे नाव वाचले, तर त्यामागे रायटर्स बिल्डिंगमधील दोन फौजदारही होते, हे ध्यानात ठेवावे. आणि त्यांच्या कपाटाने पकडून दिलेल्या आरोपीलाही असेसरांनी, जेवढे सिद्ध झाले तेवढ्यासाठीच दोषी धरले होते, हेही.